सासूबाईंची पत्रीची वाट

आमचे मामंजी, नानासाहेब, तीस वर्षं दरबारच्या बागखात्यात होते. दरबार गेला, मध्य भारत गेला, राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यामागून फायली बांधून माझा नवराही गेला. मामंजी मात्र मनाने अजून तिथेच, विलायती फुलांच्या सरळ ओळींत. दोरी-खुंट्या ठोकल्याशिवाय त्यांनी साधी कोथिंबीर पेरली नसती.

त्या माघात सासूबाई न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. आता चालणं होणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. सासूबाई रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मग हरतालिकेची पत्री?"

पूजेला सोळा झाडांची पानं लागतात. चाळीस वर्षं त्या खान नदीच्या काठाने एकट्या हिंडून ती आणत. बाजारातली जुडी त्यांना चालत नसे. मी म्हटलं, "मी आणीन ना."

"तू आणशील गं शशिकला. पण मला जायचंय ना."

यावर तोड काढली ती मामंजींनी, आणि तीही दोन दिवसांनी. परदेशीपुऱ्यातल्या आमच्या घरामागे मोकळं अंगण होतं. त्यांनी सासूबाईंची खाट खिडकीशी ओढली, चुन्याची बादली घेतली आणि अंगणात जाऊन उभे राहिले.

"सांग लक्ष्मी. कुठून निघतेस?"

सासूबाईंनी डोळे मिटले. "देवळाच्या पायऱ्या. तिथे आघाडा. मग थोडं सीधं चला, बेल येईल. आता उलट्या हाताला वळा. धोब्यांचा घाट लागला. कपडे आपटतायत बघा. तिथे रुई."

"अगं, रेघ वाकडी होतेय."

"नदीच वाकडी आहे. होऊ द्या."

मामंजी वाकडी रेघ ओढत राहिले. माका कुठे, तर पाय भिजतात तिथे. कण्हेर कुठे, तर एकदा चप्पल तुटली होती तिथे. मिलचा भोंगा झाला तरी दोघं नदीकाठीच होती. मीही चहाचा कप घेऊन उभी राहिले, आणि खरं सांगते, मला त्या चुन्यातून पाणी वाहताना दिसलं.

पाऊस लागताच मामंजींनी त्या रेघेवर सोळाही झाडं लावली, आणि आषाढात सगळं रुजलं. सासूबाई रोज पाहत, कुठवर आलो ते सांगत.

आणि हरतालिकेच्या बारा दिवस आधी, पहाटेच, मामंजींनी सगळं उपटून टाकलं. झोपेतून उठले, खुरपं घेतलं, आणि तीस वर्षांची सवय असलेला हात चालू लागला. आघाडा, माका, रुई, सगळं तण! बेल, शमी, कण्हेर ही मोठी रोपं तेवढी वाचली. आणि खतातून चुकून आलेलं एक विलायती झिनियाचं रोप त्यांनी मोठ्या मायेने राखलं होतं. ऊन वर आल्यावर त्यांना भान आलं. मला इतका राग आला की मी चहासुद्धा दिला नाही.

ते खिडकीशी येऊन उभे राहिले. हात मातीने भरलेले. "लक्ष्मी, तीस वर्षं मी तुझी पूजाच उपटत होतो गं."

सासूबाईंनी त्या उघड्या मातीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माका किती दिवसांत परत येतो हो? खात्यात असताना त्याची साहेबाकडे तक्रार करायचात ना तुम्ही?"

"आठ-दहा दिवसांत." मामंजींचा आवाज बदलला. "कितीही उपटा, मेला मरतच नाही. आघाड्याचं मूळ राहिलं की झालं. आणि रुई? रुईने तर साहेबाच्या वाफ्यात पुन्हापुन्हा उगवून माझी बढती अडवली होती!"

मग मी चहा केला.

हरतालिकेच्या सकाळी बागेत वीतभरच हिरवं होतं, पण सोळाही झाडांचं होतं. मामंजी तबक घेऊन अंगणात, देवळाच्या पायऱ्या धरल्या होत्या तिथे, उभे राहिले. सासूबाईंनी खिडकीत डोळे मिटले. मामंजी एकेक पान खुडत, मोठ्याने सांगत निघाले. आघाडा. बेल. आता वळलो. घाट आला. धोतराचा काठ दवाने भिजला होता.

"या काठाला मी कधी आलोच नव्हतो," ते म्हणाले.

"हळू चला हो," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "मी मागे राहतेय."

मामंजी थांबले. तबक डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात मागे करून, माक्याच्या ओल्या मातीत उभे राहिले.