न लिहिलेल्या गाण्याची फर्माईश

गाण्याच्या कार्यक्रमात माझं डोकं सगळ्यात जास्त कशाने उठत असेल तर चिठ्ठ्यांनी. साउंडवाल्याची शिट्टी परवडली, पुढच्या रांगेतली रडकी पोरं परवडली, पण चिठ्ठ्या नकोत. "तेच गाणं पुन्हा म्हणा" असं लिहितात. खाली नाव नाही, गाव नाही, आणि 'तेच' म्हणजे कोणतं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. मी प्रीतम शिरसाट, निवृत्त शिक्षक आणि आमच्या भीमगीतांच्या पार्टीचा निवेदक. तीस वर्षं वह्या तपासल्या, त्यामुळे चुकीची वेलांटी दिसली की अजूनही माझा हात लाल पेनाकडे जातो.

पण खोटं कशाला बोलू? त्या मंडपात बसल्यावर जिवाला जे बरं वाटतं ते घरी टीव्हीसमोर वाटत नाही. यंदा फेब्रुवारीत रमाई जयंतीला अमरावतीत आमचा कार्यक्रम होता. दहाला पोलीस माइक बंद करायला लावतात, म्हणून सातलाच मंडप भरलेला. पांढऱ्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या पुढे, भज्यांची गाडी मागे आणि मधे अख्खी वस्ती. संध्याने आवाज लावला की भजी तळणाराही झारा हातात धरून थांबतो. संध्या दिवसा दवाखान्यात नर्स आणि संध्याकाळी आमची गायिका. तिच्या बाजूला पेटीवर तिचा बाप, धर्मपाल खंडारे, निवृत्त लाइनमन आणि चाळीस वर्षांपासूनचा माझा दोस्त.

धर्मपाल गाणी लिहायचा. त्याची गाणी दहा पार्ट्या गातात, पण त्याचं नाव एकही पार्टी घेत नाही. गाणं गाणाऱ्याचं, चाल वाजवणाऱ्याची आणि लिहिणारा कोणीच नाही, असा आमच्याकडचा कायदाच आहे. "माह्या नावाची एक तरी फर्माईश याले पायजे ना बे," असं तो मला कधीतरी म्हणायचा. हसत म्हणायचा, पण त्याला ते लागलेलं होतं हे मला माहीत होतं.

त्या दिवशी ती फर्माईश आली. चिठ्ठी नेहमीसारखी मागून हातोहात पुढे सरकली. एरवी मी आधी मनात वाचतो, मग माइकवर. त्या दिवशी मंडप रंगला होता, मीही रंगात होतो. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"कालकथित धर्मपाल खंडारे यांच्या स्मृतीत, त्यांनी लिहिलेलं 'मायच्या ओटीत कापूस पांढरा' हे गाणं ऐकवावं. महिला मंडळ, धामणगाव रेल्वे."

आम्ही बौद्ध लोक वारलेल्या माणसाला कैलासवासी म्हणत नाही, कालकथित म्हणतो. आणि हा कालकथित माझ्या उजव्या हाताला पेटीचा भाता मारत बसलेला होता.

संध्याचा चेहरा पांढरा पडला. मग धर्मपालनेच माइक ओढून घेतला. "जिता आहो ना बाप्पा मी! आताच भजे बी खाल्ले!" लोक पोट धरधरून हसले, मीही दोन विनोद मारून वेळ निभावली, आणि कार्यक्रम पुढे गेला. फक्त त्यानंतर धर्मपालचे सूर दोनदा चुकले. त्याचे सूर कधी चुकत नसत.

सामान भरताना तो माझ्याजवळ आला. "प्रीतम, थे चिठ्ठी दे."

"फेकून देतो ना. कोण्या येड्यानं मस्करी केली."

"मस्करी कशी करन बे कोणी? थे गाणं म्या अजून लिहिलंच नाही. परवा दोन ओळी सुचल्या फक्त. वहीत नाही लिहिल्या, संध्याले नाही सांगतल्या." आणि त्याने त्या दोन ओळी मला हळूच म्हणून दाखवल्या.

*मायच्या ओटीत कापूस पांढरा, त्यात एक अक्षर काळं*
*वेचता वेचता वाचाले शिकली, निळं झालं आभाळं*

त्याची आई पंचफुला बडनेऱ्याकडच्या शेतांत कापूस वेचायची आणि उतारवयात वाचायला शिकली होती. तिच्यावरचं गाणं होतं ते. ओळी ऐकून माझ्या अंगावर काटा आला. त्या चांगल्या होत्या म्हणून, आणि दुसऱ्या कारणानेही. धर्मपाल मात्र चिठ्ठी दोन्ही हातांत धरून लहान पोरासारखा हसत होता.

दुसऱ्या दिवशी मी ओळखीतून धामणगावच्या महिला मंडळाचा नंबर काढला. तिथल्या तानुबाई अध्यक्षा. त्या म्हणाल्या, "आमी तं अमरावतीले आलोच नाही भाऊ. त्या दिवशी आमच्या इथंच कार्यक्रम होता." ते गाणं येतं का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "मुखडा आयकल्यासारका वाटते. कुठी आयकला, थे नाही आठवत."

एप्रिलमध्ये जयंतीच्या आठवड्यात आम्ही अंजनगाव सुर्जीला गेलो. तिथे दुसरी चिठ्ठी आली. वेगळं अक्षर, वेगळा कागद. या वेळी मी शहाणपणा केला आणि आधी मनात वाचली. 'कालकथित धर्मपाल खंडारे यांचं ओटीतल्या कापसाचं गाणं घ्या. त्यातला पाटी नव्हतीचा अंतरा दोनदा म्हणा. आमच्या पोरींना फार आवडतो.' मी ती घडी करत होतो तेवढ्यात धर्मपालने हात पुढे केला. दिली. काय करणार?

आमच्या ढोलकीवाल्या धम्मदीपला ढोलकीपुढे मोबाइल उभा करून सगळं त्यावर घ्यायची खोड आहे. परतीच्या वाटेवर गाडीत मी त्याचा व्हिडिओ मागून घेतला आणि ती चिठ्ठी कुठून निघाली ते बघत बसलो. ती पाचव्या रांगेत दिसते. त्याआधी आठव्या. त्याआधी शेवटच्या रांगेतल्या एका बाईच्या हातात. ती बाई खुर्चीत मागे वळते आणि हात लांब करून ती घेते. तिच्या मागे कनात आहे. कनातीला लागून कोणी उभं नाही. मी तो तुकडा चार वेळा पाहिला आणि फोन परत दिला.

धर्मपालने त्याच आठवड्यात अंतरा लिहिला, आई शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अक्षर गिरवायची त्याचा.

*पाटी नव्हती, पेन्शील नव्हती, होती धुऱ्याची माती*
*बोटानं लिहिलं नाव लेकाचं, धडधड झाली छाती*

मी त्याच्या घरी गेलो आणि सरळ भांडलो. "अबे, तुह्या नावापुढं काय लिहून येऊन राहिलं थे तं पाय! हे गाणं तू मेल्यावरचे लोक मागून राहिले."

"मंग? मेल्यावर बी मागून राहिले ना!" तो म्हणाला. "तीस वर्षं लिहिलं, प्रीतम. जितेपणी कोणी नाव नाही घेतलं. मरणार तं तू बी आहे. तुह्यं निवेदन कोण मागणार आहे?"

मला राग आला. खरं बोललं की राग येतोच. पण रागापेक्षा भीती जास्त होती, हे इथे कबूल करतो. चाळीस वर्षांत मला दुसरा दोस्त जोडता आला नाही. माझा स्वभाव असा, नाकावर माशी बसू न देणारा. हा गेला की मी एकटा.

मेमध्ये बुद्धपौर्णिमेला अकोल्याला कार्यक्रम होता. तिथली गर्दी दर्दी. ढोलकीची थाप बरोबर पडली की हजार माना एकदम डोलतात. संध्या त्या संध्याकाळी अशी गायली की मला निवेदनाचा विसर पडला. आणि मधेच चिठ्ठी आली. अर्धं पान भरून, बारीक सुंदर अक्षरात. कालकथित धर्मपाल खंडारे यांचं गाणं, आणि खाली शेवटचा अंतरा पुरता लिहिलेला. 'हा अंतरा सोडू नका. याच्यासाठी आम्ही आलो आहोत.'

*लेक गेला, माय बी गेली, राहिलं मातीत नाव*
*वारा आला, पाऊस आला, तरी वाचते गाव*

लेक गेला, असं त्यात होतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि माझं डोकं हिशेबाला लागलं. हे लोक धर्मपालच्या मरणानंतरचे आहेत. त्यांना जे गाणं माहीत आहे ते पूर्ण झालेलं आहे. म्हणजे गाणं पूर्ण झालं की धर्मपाल जाणार. आणि ते पूर्ण झालंच नाही तर? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण तेव्हा मला माझा हिशेब अगदी पक्का वाटला. मी चिठ्ठी शर्टाच्या आतल्या खिशात टाकली.

"आली का?" धर्मपालने पेटीवरूनच विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

त्यानंतर तो प्रत्येक कार्यक्रमात विचारायचा. आणि प्रत्येक कार्यक्रमात चिठ्ठी यायची. दर्यापूरला आली, मोर्शीला आली, पावसाळ्यात शाळेच्या हॉलमध्ये छोटा कार्यक्रम होता तिथेही आली. अक्षर दर वेळी निराळं, अंतरा तोच. मी त्या सगळ्या घरी नेऊन कपाटात ठेवत गेलो. फाडायचं धाडस झालं नाही.

धर्मपालला पुढचं काही सुचेना. दुसरं गाणं त्याने हातात घेतलं नाही. वहीत एक अंतरा लिहून खाली दोन ओळींची जागा सोडली होती, आणि रोज तिच्यासमोर बसायचा. "पुढचं येऊनच नाही राहिलं," तो म्हणायचा. "लोक काहून रुसले असतील, प्रीतम? आवडत नसन का आता?" त्याचं जेवण कमी झालं. संध्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, बाबाले काय झालं? तुमाले तरी सांगतात का?" मी म्हणालो, वय झालं, दुसरं काय. आणि मनात म्हणालो, जिवंत आहे ना, मग झालं तर. एक गाणं नाही झालं तर आभाळ कोसळत नाही.

सप्टेंबरमध्ये एका मंगळवारी सकाळी मी त्याच्याकडे चहाला गेलो होतो. तो वही मांडीवर घेऊन खुर्चीत बसला होता. "काल बी नाही आली ना?" त्याने विचारलं. मी मान हलवली. संध्या चहाचे कप घेऊन बाहेर आली आणि तिच्या हातातले कप खाली पडले. मी वळून पाहिलं तेव्हा धर्मपालची मान खांद्यावर कलली होती. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, त्याला कळलंसुद्धा नसेल. वहीतल्या दोन ओळींची जागा तशीच कोरी होती.

पुढच्या रविवारी दुपारी विहाराच्या हॉलमध्ये पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, माणसं त्याच्याबद्दल बोलली. अमरावतीची होती, अकोल्याची होती, धामणगावहून तानुबाई मंडळ घेऊन आल्या होत्या. निवेदन अर्थात माझ्याकडे होतं. मग संध्या उभी राहिली. "बाबाचं शेवटचं गाणं आहे," ती म्हणाली. "कुठंच गायलं नाही. एकच अंतरा झाला, पुढचा राहिला. जेवढं आहे तेवढं म्हणते."

पेटी धम्मदीपने धरली. तिने मुखडा म्हटला, पाटी नव्हतीचा अंतरा म्हटला, परत मुखड्यावर येऊन थांबली आणि हात जोडले.

हॉल थांबला नाही. मागच्या बायकांनी पहिल्यांदा उचललं, मग पुरुषांनी, मग भिंतीला टेकून उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोरांनी. *लेक गेला, माय बी गेली, राहिलं मातीत नाव.* कोणी अडखळलं नाही. कोणी एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं नाही. वर्षानुवर्षं म्हणत आल्यासारखे दोन-अडीचशे लोक डोळे मिटून म्हणत होते, आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदराने डोळे पुसत होत्या. 'तरी वाचते गाव' ही ओळ त्यांनी दोनदा घेतली, दुसऱ्यांदा वरच्या सुरात. ती जागा फार गोड होती. पेटीवर धर्मपाल असता तर त्याने तिथे काय केलं असतं, ते मला ऐकू आलं.

मी खाली उतरून तानुबाईंना विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "शिकवाचं काय त्यात, सर? धर्मपाल भाऊचं गाणं होय थे. साऱ्याईले येते."

गाणं कोणी अडवू शकत नव्हतं आणि माणूसही कोणी अडवू शकत नव्हतं. मी इतके महिने जे अडवून धरलं ते एवढंच, की ज्याने ते लिहायचं त्याच्यापर्यंत ते पोचू नये. त्या अख्ख्या हॉलला जे पाठ होतं, ते एकट्या धर्मपालला कधी कळलं नाही. लोक रुसले असं समजून तो गेला.

संध्या माझ्याजवळ आली. "काका, हे बाबाचंच आहे. शब्द बाबाचेच आहेत. बाबाले हे सुचलं होतं का? तुमाले सांगतलं होतं का त्यायनं?"

चटकन हो म्हणून मोकळं होता आलं असतं. चाळीस वर्षं माइकवर वेळ निभावून नेणारा माणूस मी.

"माह्यापाशी होतं थे," मी म्हणालो. "मे महिन्यापासून होतं. तो रोज मांगे, अन् मी नाही म्हणो."

ती माझ्याकडे बघत उभी राहिली, आणि तिच्या मागे बायका पुन्हा मुखड्यावर आल्या.