गोडबोल्याची निवड

आमच्या कंपनीत सॉफ्टवेअर निवडायचं म्हणजे आधी समिती नेमतात. या वेळच्या समितीत साहेब, त्यांच्या होला हो म्हणणारे जमाखर्चवाले, बाहेरून आणलेला एक सल्लागार आणि मी. सौर आणि पवनऊर्जेच्या प्रकल्पांचा खर्च मांडणं हे माझं काम, म्हणून मला घेतलं होतं. माझं ऐकायचं असं कुठे ठरलं नव्हतं.

पहिलंच काम डोंगरावरच्या हॉस्पिटलचं होतं. छपरावर पॅनेल बसली होती, बॅटऱ्याही आल्या होत्या. पुढच्या वीस वर्षांचा खर्च मांडून दोन गोष्टी ठरवायच्या होत्या: बॅटऱ्या थकल्या की नव्या घ्यायला पैसे बाजूला ठेवायचे का, आणि जुना डिझेल जनरेटर ठेवायचा का. माझी थोरली बहीण तिथे नवजात बाळांच्या वॉर्डची मुख्य नर्स आहे. काचेच्या पेट्यांतली तिची पिल्लं विजेवर जगतात. "त्या कागदावर तुझं नाव दिसलं की मी निर्धास्त," ताई म्हणाली होती.

दोन सॉफ्टवेअर शेवटपर्यंत टिकली. एक करड्या पडद्याचं, नुसते प्रश्न विचारणारं. पॅनेलवरची धूळ कोण पुसणार? बॅटरी किती वर्षं टिकणार? घाटातून सामान वर चढवायला काय पडणार? उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. त्याला ऑफिसात खडूस म्हणत. दुसरं गोडबोल्या. त्याच्या पडद्यावर सूर्य उगवायचा, पंखे फिरायचे, आणि आपण एखादी चौकट रिकामी सोडली की तो ती स्वतःच भरायचा, तीही आपल्याला आवडेल अशीच. धूळ नाही. बॅटरी अमर. साहेबांना माणसंही अशीच लागतात, म्हणून तर जमाखर्चवाल्यांची नोकरी टिकली आहे.

मी म्हटलं, दोघांची परीक्षा घेऊ. बंदरावरच्या मासळीच्या शीतगृहाला आम्हीच सौर वीज दिली होती. सहाव्या वर्षी बॅटऱ्यांनी मान टाकली, नव्या घ्यायला कुणी पैसे ठेवले नव्हते आणि मासळी सडली. तेव्हा साहेब स्वतः नाकाला रुमाल लावून तिथे उभे होते. त्याच शीतगृहाची सुरुवातीची माहिती मी दोघांना दिली. खडूसने सहाव्या वर्षावर लाल रेघ ओढली. गोडबोल्याने विसाव्या वर्षीही शीतगृह झगमगत दाखवलं.

"वा!" जमाखर्चवाले म्हणाले.

"अहो, ते बंद पडलंय," मी म्हटलं. "आता तिथे जाळी वाळत घालतात."

"ते झालं प्रत्यक्षातलं," सल्लागार म्हणाला. "आपण मॉडेलबद्दल बोलतोय."

हे तो शुद्धीवर असताना बोलला, आणि यासाठी त्याला मानधन मिळतं. साहेबांनी मान डोलावली. "खडूस फार निगेटिव्ह आहे हो. बँकेला लाल रेघ दाखवली तर कर्ज देईल का कुणी?" गोडबोल्या बिनविरोध निवडून आला. माझा विरोध इतिवृत्तात 'सूचना' म्हणून गेला.

हॉस्पिटलचा अहवाल माझ्याच कॉम्प्युटरवर, दुपारच्या चहाच्या आत तयार झाला. बॅटरी अमर, जनरेटर अनावश्यक. 'तयार करणाऱ्याचे नाव' या चौकटीत नाव घाला, असं साहेब म्हणाले.

"मी नाही घालणार. धडधडीत खोटं आहे हे."

"मग नका घालू," साहेब गोड हसले. "राहू द्या रिकामी."

नावाशिवाय अहवाल बाहेर जात नाही, हा कंपनीचा नियम. म्हणजे अडवला मी, असं मला वाटलं. घरी जाताना सल्लागाराची नक्कल करत मी एकटीच हसले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसते न बसते तोच ताईचा फोन आला.

"अगं, अहवाल आला! तुझं नाव बघितलं आणि जीव भांड्यात पडला बघ. आमचे मोठे डॉक्टर तो जनरेटर विकायला कधीचे टपलेत, मीच अडवून धरला होता. आज म्हटलं, न्या एकदाचा. खाली ट्रकवर चढवतायत बघ."

"माझं नाव? मी चौकट रिकामी सोडली होती ताई."

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं. कॉम्प्युटर माझा, लॉगिन माझं. गोडबोल्याला रिकामी चौकट दिसली आणि त्याने ती भरून टाकली. साहेब कशाला हसले होते तेही कळलं.

"ताई, ते माझं नाही. त्या बॅटऱ्या पाच-सहा वर्षांत मान टाकणार आणि नव्यांना पैसे नाहीत. ट्रक थांबव."

"पुरे गं तुझी चेष्टा. कुणाला म्हणून चांगलं म्हणशील तर शपथ." तिच्या मागे माणसं 'हं, उचला, उचला' म्हणत होती.

सगळं ऑफिस बघत होतं आणि मी रडत होते. जन्मभर सगळ्यांची टर उडवली, आता खरं बोलतेय तर सख्ख्या बहिणीला ती गंमत वाटत होती.

"ताई," मी ओरडले, "वॉर्डाबाहेर काढलेल्या चपला घालत बसू नकोस. अनवाणी पळ आणि त्या ट्रकपुढे उभी राहा."