वाढत्या हाताचं माप

"आवळू नकोस, अलका. मधल्या दोन बोटांनी मूठ सरळ मागे ओढायची, बास. करंगळी नुसती टेकलेली. ती आवळलीस की नळी खाली झुकते."

"काका, मी नाही आवळत! इसकी मूठच छोटी आहे. करंगळीला जागाच नाही." अलकाने पिस्तूल बाकावर ठेवलं आणि मुठीवरून अंगठा फिरवला. "और ये देखो ना, इथे कुणाची तरी बोटं उमटलीयत."

तिला शिकवणाऱ्या काशिनाथने मुठीवरून नजर काढून घेतली. समोरच्या कागदावर पाचही छर्रे खाली, डावीकडे गेले होते.

टाउनशिपच्या क्लबात छर्ऱ्याची पिस्तुलं दोनच. त्यातलं एक परवा बंद पडलं आणि रविवारी तर स्पर्धा. सेक्रेटरी जयंत म्हणाले, "आता ते दुसरं काढाच." सहा वर्षं काशिनाथ त्याची स्प्रिंग गेल्याची थाप मारत आला होता. कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये जन्मभर लाकूड कोरलेल्या माणसाने स्प्रिंगबद्दल सांगावं आणि सगळ्यांनी ते मानावं, याचं त्याला कधीकधी हसू यायचं.

ओतकामाचा लाकडी नमुना किंचित मोठा करतात, कारण लोखंड थंड होताना आकसतं. सुचेतासाठी मूठही त्याने अशीच मोठी कोरली होती. मुलगी पंधराची, हात वाढणार, म्हणून लाकूड एकविसाव्या वर्षाच्या अंदाजाने कोरलं आणि राहिलेल्या जागेत पुट्टी भरली. पुट्टी ओली असताना तिने ती घट्ट धरली, बोटं उमटली. दर वाढदिवसाला थोडी घासायची, असं बापलेकीचं ठरलं होतं. पुढचा वाढदिवस यायच्या आत सुचेता तीन दिवसांच्या तापाने गेली.

तेव्हापासून हॉलला कुलूप लावण्याआधी तो रोज कपाट उघडून त्या खळग्यांत आपली बोटं घालायचा. ती मावायची नाहीत. तरी एखाद्या संध्याकाळी आतून कुणी हलकेच धरल्यासारखं वाटायचं. घाबरून तो कपाट लावून टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडायचा.

त्या दुपारी त्याने स्क्रू काढून मूठ तेवढी पिशवीत घातली आणि घरी आणली. बायकोने, प्रमिलाने, पिशवी उपडी केली. मूठ तिने सहज उचलली आणि तिची पाचही बोटं खळग्यांत नेमकी जाऊन बसली. सुचेताचा हात आईवर गेला होता, हे त्याला सहा वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

"ही क्लबात होती?" प्रमिलाने विचारलं.

"कपाटात."

"आणि मी इथे तिचे फ्रॉक हुंगत बसले. तुम्हाला एकट्यालाच हवी होती होय?"

"चुकलो," काशिनाथ म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मूठ तशीच धरून ती ओट्यापाशी उभी राहिली. कुकरची शिट्टी झाली तेव्हा तिने गॅस डाव्या हाताने बंद केला.

"कुणाला हवीय?"

"अलका म्हणून पोर आहे, सोनागिरीला राहते. तिच्या करंगळीला जागा नाही. पुट्टी घासावी लागेल." तो मुठीवरच्या खळग्यांकडे बघत राहिला. "माझ्याने होत नाही गं."

प्रमिलाने मूठ एकदा घट्ट आवळून धरली. मग तिने जमिनीवर पेपर अंथरला आणि मूठ त्याच्या हातात दिली. "घासा. पोरीने किती दिवस अवघडून धरायचं?"

तो घासत होता आणि ती समोर बसून पाहत होती. शेवटी करंगळीचा ठसा राहिला. त्यावर तिने एकदा बोट ठेवलं आणि उचललं. तोही घासल्यावर खालून कोरं लाकूड निघालं. पुट्टीची भुकटी तिने पेपरसकट दुमडून फ्रॉकच्या घडीत ठेवली.

शनिवारी क्लबात काशिनाथ अलकाच्या मागे उभा राहिला. "डोळे मिट. हात उचल. आता उघड."

"काका, साइट एकदम सामने! आणि मूठ किती मस्त बसलीय! कुणाच्या मापाची आहे?"

"माझ्या मुलीच्या. यंदा एकवीस लागलं असतं तिला."

अलकाने मुठीकडे एकदा पाहिलं. तिने नेम धरला, छर्रा सुटला. "दस!" ती ओरडली.

काशिनाथने कागदाकडे पाहिलंच नाही. मुठीवर टेकलेल्या तिच्या करंगळीकडे तो बघत होता. अलका पिस्तूल बाकावर ठेवू लागली, तसा तो म्हणाला, "थांब. अजून एकदा धर."