मागची भिंत

हिरवा ठिपका... तिळाहूनही लहान, लॅपटॉपच्या वरच्या काठावर, बरोबर मधोमध. तो पेटलेला असला की बोलायचं नाही, हे आता घरात सगळ्यांनाच ठाऊक झालं होतं, आणि तो पेटलेला होता म्हणूनच रोहिणी हातात चहाचा कप घेऊन उंबऱ्यात थांबली होती — आपल्याच घरातल्या एका खोलीच्या उंबऱ्यात, पाहुणीसारखी. आत तिची धाकटी जाऊ भूमिका खुर्चीत ताठ बसून इंग्रजीत कोणाला काहीतरी समजावत होती. पडद्यावर मात्र ती या खोलीत नव्हतीच. तिच्यामागे उंच काचेची खिडकी होती, खिडकीपलीकडे कुठल्यातरी शहरातल्या इमारती, आणि कोपऱ्यात कुंडीतलं मोठ्या पानांचं झाड, ज्याला कोणी पाणी घालत नव्हतं आणि जे कधी सुकणार नव्हतं.

भूमिकाने मान न वळवता डावा हात मागे करून बोटं हलवली... द्या. रोहिणीने वाकून कप पुढे केला, आणि करता करता तिची नजर पडद्यावर गेली. तिचा हात त्या काचेच्या खिडकीत शिरला आणि विरघळला. आधी बोटं, मग मनगट. कप तेवढा क्षणभर हवेत तरंगताना दिसला, मग तोही गेला. चौकटीतली माणसं माना डोलवत ऐकत होती. कोणालाच काही दिसलं नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा तिने नकळत हात पदराला पुसला.

तसं हे तिला नवं नव्हतं. मागच्या आठवड्यात रुचिकाने, तिच्या मुलीने, टाळ्या वाजवत सांगितलं होतं, "मम्मी, तू काकीच्या मागून गेलीस ना, तर गायबच झालीस! फक्त एक बांगडी दिसली, टिकलीएवढी." सुट्टी लागल्यापासून रुचिका काकीच्या खोलीच्या दाराशीच असायची. तिथून शिकलेली वाक्यं ती जेवताना म्हणायची, 'यू आर ऑन म्यूट' म्हणून आजोबांच्या तसबिरीलाही बजावायची. रोहिणी हसली होती. हसताना वाटलं होतं — दहा वर्षं हिला मी वाढवलं, आणि हिला माझी कुठली गोष्ट मजेची वाटली, तर मी दिसेनाशी झाले ती.

स्वयंपाकघरात तिने लसूण सोलायला घेतला. ओट्याच्या खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं, त्यापलीकडे केळीची हिरवी भिंत, आणि मेच्या उन्हाने पांढरं पडलेलं आभाळ. धर्मेंद्र, तिचा नवरा, पहाटेच शेतात गेला होता. दीर भूपेश सकाळी मोटरसायकल काढून पुरुषोत्तमनगरला, साखर कारखान्यात कामावर. घरात तिघी बायका आणि एक पोर. आणि ती खोली.

ती खोली...

लग्नाला तीन वर्षं झाली होती तेव्हा रोहिणीने ती मागितली होती. मागितली म्हणजे काय, भाकरी थापता थापता, पाठमोरी असताना, सासूला, दगूबाईंना, म्हणाली होती की पुढची खोली रिकामी केली तर संध्याकाळी दहावीच्या पोरांना सायन्स शिकवता येईल. बी.एस्सी. होती ती, केमिस्ट्रीची. माहेरच्या रनाळ्याहून रोज एसटीने नंदुरबारला जाऊन मिळवलेली. दगूबाई ओरडल्या नव्हत्या, चिडल्या नव्हत्या. एवढंच विचारलं होतं, "मंग गहू कोठे ठेवाना?" आणि तो प्रश्न इतका खरा होता, त्या खोलीतल्या गव्हाच्या कोठ्या इतक्या मोठ्या होत्या, की रोहिणीलाही वाटलं, खरंच, गहू कुठे ठेवायचा...

आणि भूमिका आली तेव्हा तोच गहू एका दुपारी हलला. सुरतेत वाढलेली, पुण्याच्या कंपनीत घरून काम करणारी सून, तिला जागा नको का? कोठ्या मागच्या पडवीत गेल्या. पुढून धर्मेंद्र ओढत होता आणि मागून रोहिणीच ढकलत होती. तेव्हा काही वाटलं नव्हतं. की वाटलं होतं? घाम डोळ्यांत जात होता एवढं आठवतं.

ओसरीवर शेजारच्या सिंधुबाई आल्या. त्यांचा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा. त्या नेहमीसारख्या दारातूनच बोलत आल्या आणि लगेच दगूबाईंची कुजबुज ऐकू आली.

"धीरे बोल माय. भूमिकानी मिटिंग शे."

"दिनभर कोनसंगे बोलस ती?"

"ते आपलाले नही समजाव. पन मोठं काम शे."

रोहिणीच्या हातातली सुरी थांबली. दगूबाईंची कुजबुज! या बाईने उभ्या जन्मात कोणासाठी आवाज उतरवला नव्हता. रुचिका तापाने फणफणली होती तेव्हा नाही, रोहिणी बी.एड.च्या प्रवेश परीक्षेसाठी रात्री पुस्तक घेऊन बसायची तेव्हा तर नाहीच — टीव्ही चालू, गप्पा चालू, मधूनच हाक चालू. ती परीक्षा रोहिणीने शेवटी दिलीच नाही. आणि आता हा आवाज मऊ, दबका, जवळजवळ लाजरा... म्हणजे तो त्यांच्याकडे होता तर. इतकी वर्षं होता, फक्त माझ्यासाठी काढला नाही.

याला मत्सर म्हणतात हे तिला माहीत होतं. पण शब्द पुस्तकी होता, म्हणून तो आपल्या अंगाला लागू नाही असं ती धरून चालली होती. भूमिका वाईट असती तर किती बरं झालं असतं. उद्धट असती, आळशी असती, कप तसाच टाकून जाणारी असती. पण ती कप स्वतः विसळायची. 'भाभी, भाभी' करत मागे यायची, रुचिकाला सुरतेहून फ्रॉक आणायची. तिच्यात नाव ठेवायला जागा नव्हती आणि म्हणून रोहिणीला ते सगळं आतल्या आत ठेवावं लागत होतं, वाफेसारखं, झाकणाखाली.

आज भूमिकाचं मोठं प्रेझेंटेशन होतं. कालपासून तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तेच आता चालू होतं.

रोहिणीने लसूण मिक्सरच्या भांड्यात टाकला. शेंगदाणे टाकले, तिखट, मीठ. झाकण लावलं. खलबत्ता तिथेच, हाताशी होता, तो तिला दिसत होता. मिक्सरचं बटण आणि तिचा अंगठा यांत बोटभर अंतर होतं, आणि त्या अंतरात ती बराच वेळ उभी राहिली. मला चटणी करायची आहे. जेवायला सगळ्यांना लागते. मी माझ्या स्वयंपाकघरात मिक्सर लावतेय — आणि तिने बटण दाबलं.

जुना मिक्सर, त्याची घरघर स्लॅबला जाऊन आपटली. दगूबाई गुडघ्यांवर हात दाबत धावत आल्या.

"बंद कर, बंद कर ते! काय करी ऱ्हायनी तू? तिनी मिटिंग चालू शे ना!"

"चटणी करी ऱ्हायनू," रोहिणी म्हणाली आणि बटण तसंच दाबून धरलं. अजून थोडं. अजून. चटणीचं पार पीठ होईपर्यंत. कानात फक्त तो आवाज होता आणि छातीत एक गोड, घाणेरडा आनंद, लहानपणी बहिणीच्या नव्या चपलेवर मुद्दाम पाय दिला होता तेव्हासारखा. मग तिने मिक्सर बंद केला. शांतता झाली. आतून भूमिकाचा आवाज तसाच चालला होता, एका लयीत, न अडखळता.

थोड्या वेळाने भूमिका बाहेर आली. चेहरा फुललेला. दगूबाई आधीच सुरू झाल्या, "बेटा, मिक्सरना आवाज..."

"मिक्सर?" भूमिका म्हणाली. "हां, लावला होता का? मला थोडं जाणवलं. पण तिकडे कोणालाच नाही ऐकू गेलं, मम्मी. बाहेरचा आवाज ते आपोआप काढून टाकतं." ती रोहिणीकडे वळून हसली. "भाभी, तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका हं. खुशाल करत जा तुमचं काम."

खुशाल करत जा...

म्हणजे माझा हात दिसला नाही, आणि माझा मिक्सरही ऐकू गेला नाही. मी वाईटपणा केला, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा एवढा धीर करून केला, आणि तोसुद्धा मधल्या मध्ये कुठेतरी पुसला गेला. तिच्यापर्यंत पोचलाच नाही. रोहिणीने चटणी डब्यात काढली. ती इतकी बारीक झाली होती की चमच्याला चिकटून बसत होती.

जेवणं झाली. दगूबाई पंख्याखाली आडव्या झाल्या, रुचिका त्यांच्या कुशीत. भूमिका डोक्यावरून अंघोळ करते म्हणून मागे न्हाणीत गेली. रोहिणी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवायला तिच्या खोलीत शिरली. लॅपटॉप उघडाच होता. पडद्यावर आता माणसांच्या चौकटी नव्हत्या, नुसती तीच काचेची खिडकी, तेच झाड, आणि समोरची खुर्ची रिकामी.

ती बसली. बसायचं ठरवलं नव्हतं. घड्या अजून मांडीवरच होत्या. पडद्यावर एक बाई आली. मागे शहर, बाजूला झाड. बाईच्या साडीवरची फुलं मधूनमधून खिडकीत मिसळत होती, एक कान येत होता, जात होता. रोहिणीने श्वास रोखून धरला, तेव्हा कान टिकला. न हलता बसलं की पुरती दिसतेस, बाई... ती स्वतःला पाहत राहिली. पस्तिशीची, रुंद कपाळाची. काही सांगायला बसलेली वाटत होती. ऐकतील लोक हिचं, असं वाटत होतं.

खाली छोट्या चित्रांची ओळ होती. एकावर बोट लावलं, समुद्र आला. दुसऱ्यावर लावलं, पुस्तकांचं कपाट. शेवटच्या चौकोनात काहीच नव्हतं, नुसती तिरपी रेघ. ती दाबली आणि तिच्यामागे एकदम खोली उभी राहिली. गाद्यांची चळत. पत्र्याची पेटी. भिंतीला कोठ्या घासून पडलेले लांब काळपट पट्टे, एकाशेजारी एक.

तिला वाटलं होतं की ही खोली भूमिकाला मिळाली. पण भूमिकाला ही खोली कुठे हवी होती? मला हवी होती. मी हिच्या कोपऱ्यात फळा कुठे लावायचा ते ठरवलं होतं, चपला कुठे काढायला सांगायच्या तेसुद्धा. भूमिकाने ती घेतली, आणि घेऊन रोज सकाळी पडद्यावरून पुसून टाकते. हिला ती नकोच आहे... नको असलेली गोष्ट हिला मिळते, आणि वर मिळाल्याचं कळतही नाही.

"अरे, भाभी!"

दारात भूमिका, केसांना टॉवेल गुंडाळून. रोहिणीच्या मांडीवरच्या घड्या सरकल्या. आता विचारेल, माझ्या लॅपटॉपला हात का लावला. विचारावंच. रोहिणी त्या प्रश्नाची जवळजवळ वाट पाहू लागली.

"बसा ना, बसा," म्हणत भूमिका मागे येऊन वाकली. तिच्या ओल्या बटेतला थेंब रोहिणीच्या खांद्यावर पडला. "थोडं इकडे. असं. मागे पांढरी चादर लावली ना, तर कडा एकदम साफ येतात." मग सहज, टॉवेल सोडता सोडता, "भूपेश सांगत होते, तुम्हाला क्लास घ्यायचे होते. ऑनलाइन घ्या की. संध्याकाळी मला हा लॅपटॉप लागत नाही. खोली पण रिकामीच असते."

बस एवढंच. दोन-तीन वाक्यांत, केस झटकता झटकता. ज्याच्यासाठी गव्हाशी भांडण हरले, ते हिने असं दिलं, उरलेली भाजी वाटीत घालून द्यावी तसं. कृतज्ञता असेल म्हणून रोहिणीने आत शोधून पाहिलं... ती नव्हती. हिने रागावायला हवं होतं. हिने एकदा तरी घाबरायला हवं होतं, की ही बाई माझं काही घेईल. माझ्यापाशी असं काय आहे ज्यावर हिची नजर अडकावी? तिने घाईघाईने मनातल्या मनात सगळं चाचपलं — केमिस्ट्री, रुचिका, हातची चव, धर्मेंद्र... प्रत्येक गोष्ट उचलून भूमिकाच्या डोळ्यांसमोर धरून पाहिली, आणि ते डोळे प्रत्येकीकडे प्रेमाने बघून पुढे गेले.

"नको गं," ती म्हणाली. "आता काय त्याचं."

"बरं," भूमिका म्हणाली. आग्रह नाही. कंगवा घेऊन ती केस विंचरू लागली, मग थांबली. दोन वाजता तिला पुन्हा मिटिंगला बसायचं होतं. तिने घड्याळाकडे पाहिलं, रोहिणीकडे पाहिलं, हसली. वाट पाहत उभी राहिली.

रोहिणीला कळलं की आपण उठायला हवं. पाय जमिनीवर टेकलेले होते, घड्या सावरल्या की झालं असतं. पण सकाळपासून आत जे उकळत होतं ते आता निवलं होतं, गेलं नव्हतं — बुडाशी बसलं होतं, जड, थंड. आणि त्याचं वजन तिला पहिल्यांदाच बरं वाटत होतं. भूमिकाच्या केसांतून पाणी टपकत होतं. तिचं हसू आता किंचित, अगदी किंचित, अवघडलं होतं. रोहिणीने खुर्चीच्या पाठीला पाठ टेकवली. उठणार होती ती. अजून थोड्या वेळाने.