शंकासुराचे खोडलेले समास

विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी छत्तीस वर्षं शिपाई होतो आणि थापा फक्त रविवारी मारल्या. आज वार कोणता, ते तुम्हीच बघा.

तर एक विद्यार्थी होता. सगळे त्याला शंकासूर म्हणत. वही म्हणून बाळगायचा नाही. जो विचार सुचेल तो हातातल्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहून मोकळा. ‘रांगेत सगळे समान, खिडकी उघडली की संपलं.’ ‘कँटीनमधली क्रांती दोनला थांबते, कारण पुढे तास असतो.’ असलं काहीबाही.

वार्षिक तपासणीआधी समास खोडून साफ करायचे, हा आमचा रिवाज. मी त्याची त्र्याहत्तर पुस्तकं खोडली. रबराचा भुगा निघाला पोतंभर! तो दारातल्या झाडाला घातला. तेव्हापासून ते झाड पान गाळण्याआधी दोन दिवस विचार करतं.

दुसऱ्याच दिवशी शंकासूर धापा टाकत आला.

“मामा, माझी पुस्तकं काढा! परवा प्रबंध द्यायचाय, सगळं त्यातच आहे. नाही दिला तर वर्ष गेलं!”

“ने की. चकाचक केलीत.”

त्याने एक उघडलं, दुसरं उघडलं आणि मटकन खाली बसला.

“मामा, माझं डोकंच पुसलंत हो तुम्ही!”

“रडतोस काय? खोडण्याआधी सगळं वाचलंय मी. न वाचता खोडणं म्हणजे पाहुण्याला दारातूनच हाकलणं. घे कागद, लिही.”

दोन दिवस मी सांगत होतो, तो लिहीत होता. ग्रंथपाल बाई दोनदा “शांतता!” म्हणून ओरडल्या, तिसऱ्यांदा खुर्ची ओढून ऐकत बसल्या. आठवेना तिथे मी पदरचं तिखटमीठ घातलं. आमच्या घराण्यात ओंजळभर मागितलं तर घागर देतात.

“मामा, हे खरंच मी लिहिलं होतं?”

“अक्षर तर तुझंच होतं बाबा.”

तोंडी परीक्षेत परीक्षक म्हणाले, “बाकी ठीक आहे. पण ‘समाज म्हणजे वाचायला आणलेलं पुस्तक, फाडू नये, पण कोरंही परत करू नये’ हे कुठून आणलंस?”

“खोडणाऱ्या मामांकडून,” शंकासूर म्हणाला. प्रामाणिक गाढव!

परीक्षक पोट धरून हसले आणि पोराला पहिल्या वर्गात पास केलं. बाईंनी त्या वर्षापासून रबर मागवणं बंद केलं.

आणि झाड? ते आता पान गाळतच नाही. म्हणतं, आधी चर्चा होऊ दे.