केसभर झिजलेला पितळी गोळा

मी जुना आहे, हे मला मान्य आहे. पण भंगारात टाकण्याइतका जुना आहे का, ते माझी गोष्ट ऐकून तुम्हीच ठरवा, मित्रांनो.

मी पितळेचा एक गोळा आहे, लिंबाएवढा. माझ्या अंगाला साखळी आहे आणि साखळीला लाकडी मूठ. माझा जोडीदार म्हणजे एक पितळी कडं. शिरवण्याजवळच्या एका शाळेत, प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर आम्ही दोघं राहतो. शेजारी तांब्याचा कॅलरीमापी आहे. तो स्वतःला फार शहाणा समजतो, म्हणून मी त्याच्याशी बेताचंच बोलतो.

माझा जन्म तुर्भ्याच्या एका लहानशा कारखान्यात झाला. हौसेराव नावाच्या कारागिराने मला लेथवर कातलं. काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. मी गार असताना कड्यातून सहज खाली गेलो पाहिजे आणि तापल्यावर त्यातच अडलो पाहिजे, म्हणजे दोघांच्या मध्ये जागा हवी फक्त केसभर. हौसेराव मला कड्यातून सोडायचे, पुन्हा लेथवर चढवायचे, पुन्हा सोडायचे. शेवटी म्हणाले, ''हां, आता बसला बरोबर.'' त्या एका वाक्याच्या अभिमानावर मी बावीस वर्षं काढली.

माझं काम वर्षातून एकदाच, सातवीला उष्णतेचा धडा आला की. विज्ञानाच्या सुचित्रा मॅडम मला आधी गार असताना कड्यातून सोडून दाखवतात. मग स्पिरिटचा दिवा लागतो. ज्योत विझू नये म्हणून पंखे बंद होतात आणि मुलं वहीने वारा घेत माझ्याकडे बघत बसतात. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचे वडील एपीएमसीच्या घाऊक बाजारात माल उतरवतात, त्यामुळे वर्गात कांद्याचा मंद वास असतो. निळी ज्योत अंगाला लागली की मला गुंगी येते. आतला कण न् कण जागा होतो आणि शेजारच्याला कोपर मारू लागतो. मग मला स्वप्न पडतं की मी वाढतो आहे. बाकाएवढा, वर्गाएवढा, खाडीवर टेकलेल्या सूर्याएवढा! खरं तर मी वाढतो केसभर. पण स्वप्नाला कुठे मोजपट्टी लागते?

मग मला कड्यावर ठेवतात आणि मी अडतो. मुलं टाळ्या वाजवतात. वर्षभराच्या अंधाराची भरपाई त्या टाळ्यांनी होते.

आता राहीबाईंबद्दल सांगतो. त्या आमच्या शाळेच्या शिपाई. पाटणकडच्या. लग्न होऊन इकडे आल्या. त्यांचे यजमान सयाजीराव कांदा-बटाटा बाजारात माथाडी होते. सगळी शाळा त्यांना राहीमावशी म्हणते. झाडणं, पाणी भरणं, कपाटांच्या किल्ल्या आणि तासाची घंटा, सगळं त्यांच्याकडे.

खंडेनवमीला शाळेत सगळ्या साधनांची पूजा होते. आदल्या दिवशी राहीबाई मला मांडीवर घ्यायच्या. भिजवलेली चिंच आणि चिमूटभर रांगोळी घेऊन मला घासायच्या, माझ्यात त्यांचा चेहरा दिसेपर्यंत. मग कड्याची पाळी, आतून-बाहेरून. दुसऱ्या दिवशी हळदकुंकू लावून, झेंडूचं फूल वाहून म्हणायच्या, ''पोरांस्नी नीट शिकीव रं बाबा.'' मला एवढ्या मायेनं कोणी हात लावला नाही. खोटं कशाला बोलू, मी त्या दिवसाची वाट बघायचो.

पण एक गोष्ट मला खुपायची. ज्या गोळ्याला त्या एवढं जपायच्या, त्याचा प्रयोग त्यांनी कधी बघितलाच नव्हता. मी तापून तयार होईपर्यंत तास संपत यायचा आणि त्यांना घंटेपाशी जावं लागायचं. मग व्हरांड्यात पोरांना थांबवून विचारायच्या, ''आडकला का रं?'' पोरं ओरडायची, ''अडकला, मावशी!'' तेवढ्यावर त्या खूश. बावीस वर्षं त्या माझं अडकणं असं नुसतं ऐकत आल्या.

यंदा जानेवारीअखेर त्या निवृत्त होणार होत्या. सुचित्रा मॅडमनी विचारलं, ''मावशी, निरोपसमारंभात काय हवं तुम्हाला? साडी, घड्याळ?''

राहीबाई लाजल्या. ''साडी नगं. त्यो गोळा आडकतो म्हनं. येकदा बघू द्या.''

दुसऱ्याच दिवशी मॅडमनी घंटेचं काम एका सरांकडे दिलं, राहीबाईंना सातवीच्या वर्गात नेलं आणि पहिल्या बाकावर बसवलं. शेजारी ज्ञानेश्वरी नावाची मुलगी होती. तिने आपलं दप्तर उचलून मावशींना ऐसपैस जागा दिली. राहीबाईंनी पदर सावरला. त्या पाहुण्यांच्या घरी बसावं तशा बाकाच्या कडेला बसल्या होत्या.

दिवा लागला. मी मनाशी ठरवलं, आज असं अडकायचं की बघत राहिलं पाहिजे. गुंगी आली, स्वप्न आलं. मॅडमनी मला उचललं आणि कड्यावर सोडलं.

मी सटकन खाली गेलो.

वर्गात हशा पिकला. ''मॅडम, गेला की!'' मागून कोणीतरी ओरडलं. मॅडमनी मला पुन्हा तापवलं. मी पुन्हा खाली. मॅडमनी मला चिमट्याने खिडकीपाशी नेलं, कड्यात धरून बघितलं. माझ्या आणि कड्याच्या मधून उजेडाची चांगली जाड रेघ दिसत होती.

''मावशी,'' त्या हळूच म्हणाल्या, ''तुम्ही हा कशाने घासता?''

''चिचंनं. आन् वाईच रांगोळी.'' राहीबाई बोलता बोलता थांबल्या. बाई अंगठाबहाद्दर असतील, पण बुद्धीने तल्लख. त्यांचा चेहरा उतरला. ''म्हंजे म्या झिजिवला ह्याला?''

राहीबाईंनी पदर तोंडाला लावला. ''द्येवा, पोरांची वस्तू हुती की वो! म्या खुळीनं घासूनशान वाटोळं केलं.'' आणि त्या उठू लागल्या.

मित्रांनो, तोंड नसल्याचं दुःख मला त्या दिवशी कळलं. मला सांगायचं होतं, मावशी, बसा. तुमच्या हातून झिजलो याचं मला काही वाटत नाही, पण तुम्ही अशा उठून गेलात तर मी आयुष्यभर नुसता एक लोंबता गोळा राहीन.

ते बोलली ज्ञानेश्वरी. तिने राहीबाईंचा हात धरला. ''मावशी, थांबा ना. टेन्शन नका घेऊ. तो तापल्यावर मोठा होतो, पण आता कमी पडतोय. मॅडम अजून कायतरी करतील.''

राहीबाई उभ्या उभ्याच म्हणाल्या, ''तापल्यावर मोटं हुतंय? येवढंच व्हय? आन् गार केल्यावर बारीक, न्हवं?''

''तुम्हाला कसं माहीत?'' मॅडमनी विचारलं.

''आवो, पेल्यात पेला आडकल्यावर काय करता? आतल्यात गार पानी वतायचं, भायेरचा कडत पान्यात धरायचा. सुटतोय आपसूक.'' मग माझ्याकडे बघत त्या स्वतःशीच पुटपुटल्या, ''हितं तर सोडवायचा न्हाई, आडकवायचा हाय. मंग उलटं करा की. कडं बर्फात घाला!''

मॅडमनी हात जोडले आणि त्या हसल्या. फाटकाबाहेरच्या सरबतवाल्याकडून डबाभर बर्फ आला. कड्याला बर्फात पुरलं. माझ्याखाली एक सोडून दोन दिवे लावले आणि नेहमीपेक्षा दुप्पट वेळ तापवलं. असा मी कधीच तापलो नव्हतो. वर्ग, फळा, खिडकीबाहेरचे टॉवर सगळं हलत्या पाण्यात दिसावं तसं दिसत होतं. मुलं मला दूरच्या किनाऱ्यावर बसल्यासारखी वाटत होती. त्यांत एकच चेहरा जवळ होता. दरवर्षी मी तो माझ्या अंगात बघायचो, आज समोर बघत होतो.

कडं पुसून स्टँडवर लावलं. मला अलगद त्याच्यावर ठेवलं. मला कड्याचा गारवा सगळ्या बाजूंनी लागला. मी थांबलो.

अडकलो!

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळा वर्ग राहीबाईंकडे बघत होता. त्या अगदी जवळ आल्या, वाकल्या आणि माझ्याखालची रिकामी हवा त्यांनी बोटाने तपासली. ''आडकला,'' त्या म्हणाल्या. ''आडकला गं बाय.'' त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

मी फार वेळ टिकणार नव्हतो. माझी ऊब कड्यात उतरत होती, ते रुंदावत होतं आणि मी आकसत होतो. निसर्गापुढे कोणाचं चालतं? तरी वाटलं, अजून एक श्वास थांबू. मग मी खाली सुटलो आणि साखळीवर झोके घेऊ लागलो. तेव्हा कुठे टाळ्या पडल्या.

राहीबाई आता गावी आहेत. शाळेत प्रयोगाच्या साहित्याची नवी पेटी आली आहे, तिच्यातला गोळा चकचकीत आणि जाडजूड आहे. मी कपाटातच असतो. मॅडमनी फळीवर चिठ्ठी लावली आहे, 'घासू नये'. मी हळूहळू काळपट होतो आहे.

मित्रांनो, वस्तू जपा, पण ती कशासाठी आहे ते समजून घेऊन जपा. नुसत्या मायेनेही झीज होते, हे माझ्याइतकं कोणाला कळणार? आणि तुमच्यासाठी पाणी भरणारं, दारं उघडणारं, तुमचा शिकण्याचा पसारा आवरणारं जे कोणी वर्गाबाहेर उभं असेल, त्यांना निवृत्तीच्या दिवसापर्यंत थांबायला लावू नका. उद्याच आत बोलवा आणि सरकून जागा द्या.