पाऊण फेरा

प्रल्हाद सोनुनेच्या पिकअपचं ऑइल बदलायचं राहिलं, तेव्हापासून भोकरदन ते धानोरा हा रस्ता रोज एका गावानं वाढत होता. मूळ अंतर अडतीस किलोमीटर. पहिल्या दिवशी मधे एक नवी वाडी लागली. प्रल्हादनं तिथे चहा घेतला आणि फारसं मनावर घेतलं नाही. आता अशी सत्तावीस गावं झाली होती, आणि सगळीकडे त्याला नावानं ओळखत होते. ही वाढ फक्त त्याच्यापुरती होती. एकदा तो एसटीनं निघाला, तर पिकअप आपण होऊन मागोमाग आली आणि एसटी दिवसभर चालतच राहिली. उतारूंनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

धानोरा ही त्याची सासुरवाडी. रोहिणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. आज सकाळी तिचा फोन आला की कळा सुरू झाल्या आहेत, भावाची गाडी दारात उभी आहे.

"पण तुम्ही आल्याबिगर मी हलायची नाही," ती म्हणाली. "आता कितवं गाव?"

"अजून निघालोच नाही."

"मग निघा."

प्रल्हादनं फोन खिशात टाकला. बारा वर्षं गाडी चालवणारा माणूस, पण ऑइल बदलायला आज-उद्या करत राहिला आणि आता बाप व्हायच्या दिवशी त्याला त्याची लाज वाटत होती. तो थेट कासलीवाल काकूंच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेला.

काकूंनी गाडीचं साल विचारलं, इंजिनाचा नंबर विचारला, आणि घरी कोण वाट बघतंय तेही विचारलं. मग फळीवरचे फिल्टर एकेक काढून त्या कानाला लावू लागल्या, बाजारात नारळ हलवून बघतात तशा. पहिला त्यांनी लगेच परत ठेवला. त्यात समुद्र वाजत होता. दुसरा चकचकीत होता. प्रल्हादनं तोच मागितला.

"हा फार बारीक गाळतो," काकू म्हणाल्या. "हा लावलास तर लग्नाच्या आधी पोचशील. दारात तुला कोण म्हणून विचारतील."

तिसरा त्यांनी बराच वेळ ऐकला आणि त्याच्या हातात दिला.

प्रल्हादनं दुकानासमोरच गाडी सपाटीला लावली आणि खाली शिरला. नट सोडला तसं काळं ऑइल घमेल्यात पडू लागलं. त्याबरोबर गावांचे तुकडेही पडले. एक चहाची टपरी, दोन देवळं, एक शेळी. शेळी अंग झटकून निघून गेली. जुना फिल्टर सुटला तेव्हा तो धान्याच्या पोत्याइतका जड होता. नव्यात त्यानं आधी ताजं ऑइल भरलं, मग तो बसवला, खालचा नट आवळला, वरून ऑइल ओतलं आणि इंजिन चालू केलं.

फिल्टरच्या कडेनं ऑइलची धार सुटली, ती थेट रस्त्यापर्यंत गेली. समोर दोन धानोरे दिसू लागले. एकात रोहिणी ओट्यावर कंबर धरून बसली होती. दुसऱ्यात ओटा रिकामा होता आणि कुणीतरी तो धूत होतं. दोन्ही गावं एकमेकांवर सरकू लागली. केबिनची दारं आत दबली, स्टिअरिंग छातीला टेकलं.

"बंद कर," काकू दुकानातूनच म्हणाल्या. "जुन्या फिल्टरची रबरी रिंग काढलीस का?"

नव्हती काढली. घाईत ती इंजिनाला चिकटून राहिली होती आणि त्यानं नवी तिच्यावरच बसवली होती. शिकाऊ माणूससुद्धा आधी बोट फिरवून बघतो. प्रल्हादनं इंजिन बंद केलं, पुन्हा खाली गेला, नवा फिल्टर सोडला आणि नखानं ती जुनी रिंग खरवडून काढली. ती निघाली तसा रिकामा ओटा दिसेनासा झाला. त्यानं जागा पुसली, नव्या रिंगला बोटानं ऑइल लावलं, फिल्टर फिरवून टेकवला आणि पाना उचलला.

"पाना नको. टेकल्यावर हातानं पाऊण फेरा. जास्त आवळशील तर बायकोला ओलांडून पुढे जाशील."

प्रल्हादनं पाना खाली ठेवला. पाव फेऱ्याला नऊ गावं मिटली. अर्ध्याला अठरा. आणखी थोडं आवळावं असं हातांना फार वाटत होतं, कारण भीती हातांतच होती. पाऊण फेऱ्यावर तो थांबला. सांडलं तेवढं ऑइल वरून पुन्हा भरलं.

इंजिन चालू झालं. ऑइलचा लाल दिवा क्षणभर राहिला आणि विझला. बॉनेटपुढे, जिथे बाजाराचा रस्ता असायचा, तिथे सासऱ्यांचं अंगण होतं. रोहिणी पिशवी घेऊन चालत आली, दार उघडून धापा टाकत वर चढली आणि हसली.

"आलात एकदाचे," ती म्हणाली. "दवाखाना किती लांब आहे?"

प्रल्हादनं गिअर टाकायला हात खाली नेला. दोघांच्या मधे, सीटवर, वीतभर जागा तान्हं बाळ निजल्यासारखी दबलेली होती, आणि ती गरम होती.